छातीत दुखणाऱ्यांसाठी झटपट ट्रोपोनिन मशीन घ्यायचंय, पारखून कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बघतो. अँजिओग्राफीला लातूर गाठावं लागतं, त्यात ऊसाचा सीझन असला की पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ठरलेला.

सध्या आमच्याकडं ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की काही तासांत रक्तात वाढणारं प्रथिन) कार्ड टेस्ट आहे, रेघ उमटली की पॉझिटिव्ह. मागच्या महिन्यात पहाटे तीनला एक शेतकरी आले, वय ४८. "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन आले होते. दुखायला लागून तासभरच झालेला. ईसीजी नॉर्मल, कार्ड निगेटिव्ह. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊनच उभा, "नेऊ का घरी?" ठेवून घेतलं. सहा तासांनी दुसरं कार्ड लावलं तर फिकट रेघ. आहे की नाही यावर सिस्टर, मी आणि टेक्निशियन ट्यूबलाइटखाली कार्ड धरून वाद घालतोय! पाठवलं लातूरला, अटॅकच निघाला.

आता एजंट म्हणतो, आकड्यात रिझल्ट, तेही १५ मिनिटांत. सर म्हणतात, आधी तू तपासून दाखव.

ईसीजीच्या आलेखात 'एसटी' नावाचा भाग वर गेलेला असेल (मोठ्या अटॅकची खूण) तर ट्रोपोनिनसाठी थांबायचंच नसतं, त्यामुळं प्रश्न उरलेल्या पेशंटचा आहे. युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ० आणि १ तासाची पद्धत (आल्याआल्या आणि तासाभरानं रक्त तपासायचं) आली, पण ती हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणाऱ्या टेस्टसाठी. "तुमची तशी आहे का?" विचारलं की एजंट चहा मागवतो.

माझा विचार असा: दोन महिने दोन्ही टेस्ट बरोबरीनं करायच्या, निर्णय मात्र जुन्या पद्धतीनंच. दुखणं कधी सुरू झालं, पेशंट कधी आला, रक्त कधी घेतलं, रिपोर्ट कधी हातात पडला, सगळं रजिस्टरला. ३० दिवसांनी फोन. पण दिवाळीनंतर निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, फोन लागत नाही. त्यांचं काय करावं? आणि दोन महिने पुरतील का?

प्रतिसाद १
लॅबवाला आहे म्हणून विचारतो, ट्यूब कुठली वापरता? लाल टोपणाची असेल तर रक्त गोठायलाच अर्धा तास जातो, मग १५ मिनिटांचं मशीन काय कामाचं? किटला चालत असेल तर हिरव्या टोपणाची हेपरिन ट्यूब घ्या, तिच्यात रक्त गोठत नाही. आणि युनिट बघा हो. लिटरला १४ नॅनोग्रॅम आणि मिलिलिटरला ०.०१४ एकच, रात्रपाळीत हमखास घोळ होतो.

प्रतिसाद २
डॉक्टर, नुसती मिनिटं मोजू नका. घरी सोडण्याजोगे ठरलेले १०० जण धरा, एकालाही पुढं अटॅक आला नाही, तरी चुकण्याचं खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. १ टक्क्याच्या आत आहे म्हणायला असे ३०० लागतील. दोन महिन्यांत होतात का बघा. फोन न लागलेल्यांना 'बरे' धरू नका, वेगळे मोजा. मुकादमाचा नंबर आधीच लिहून घ्या. दुखणं सुरू होऊन तीन तास झाले नसतील तर पहिल्या एका रिपोर्टवर कुणाला सोडायचं नाही. किडनीच्या पेशंटचा आकडा मुळातच वर असतो, तिथं दोन रिपोर्टांतला फरक बघा.

धागाकर्ता
आत्ताच लॅबमध्ये जाऊन आलो. सगळ्या लाल टोपणाच्या. मुकादमाच्या नंबरचा रकाना आजच आखतो.