शब्दचर्चा : जपानची 'आसाही', विनाशिका की रक्षक नौका?

मुद्रितशोधक :
जपानच्या 'आसाही' वर्गातल्या युद्धनौकांवरचा एक लेख तपासतोय. वर्गात नौका दोनच. 'आसाही' मार्च २०१८ मध्ये सेवेत आली, 'शिरानुई' फेब्रुवारी २०१९ मध्ये. दोन्ही मित्सुबिशीच्या नागासाकीतल्या गोदीत बांधलेल्या. लेखकाने सगळीकडे 'विनाशिका' लिहिलंय. जपानी लोक मात्र त्यांना 'गोएइकान' म्हणतात, म्हणजे राखण करणारी युद्धनौका. मग मराठीत 'रक्षक नौका' का नको? शिवाय पाणबुडीविरोधी, पाणबुडीभेदी, पाणबुडीनाशक असे तीन शब्द लेखात आलटून पालटून आलेत. कुठला ठेवू?

जपानीचा विद्यार्थी :
'गोएइकान' हा शब्द राज्यघटनेच्या पोटातून आलाय. १९४७ च्या घटनेतल्या नवव्या कलमानुसार जपानला सैन्यदलं बाळगता येत नाहीत. म्हणून १९५४ मध्ये उभं राहिलं ते 'सागरी स्वसंरक्षण दल'. 'नौदल' हा शब्द टाळला, तसाच दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या शाही नौदलाच्या काळातला विनाशिकेसाठीचा 'कुचिकुकान'ही टाळला. 'कुचिकु' म्हणजे पिटाळून लावणं.
पण 'गोएइकान' फार ऐसपैस आहे. २४८ मीटर लांबीची, सपाट डेकची 'इझुमो' विमानवाहू नौकेसारखी दिसते, तीही गोएइकान. तिच्या निम्म्याहूनही आखूड 'आबुकुमा', तीही गोएइकान. त्यामुळे नुसतं भाषांतर केलं तर वाचकाला जहाजाचा आवाका कळत नाही. हेच दल इंग्रजीत लिहिताना 'आसाही'ला 'डिस्ट्रॉयर' म्हणतं आणि तिचा क्रमांकही डीडी-११९ (डीडी ही डिस्ट्रॉयरची खूण) असा देतं, हे लक्षात घ्या.

दर्यावर्दी :
'रक्षक नौका' नकोच. आमच्याकडे कोकणात हा शब्द वाचला की तटरक्षक दलाची गस्ती नौका डोळ्यांसमोर येते. १५१ मीटर लांब, पूर्ण भारासह ६८०० टनांच्या आसपासची क्षेपणास्त्रसज्ज नौका येत नाही.
'विनाशिका' भडक वाटतो, मान्य. पण त्याचं मूळ बघा. १८९० च्या दशकात पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या छोट्या, चपळ बोटींनी मोठ्या युद्धनौकांची झोप उडवली होती. त्या बोटींचा समाचार घ्यायला जी जहाजं निघाली त्यांचं पूर्ण नाव 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढचा भाग गळला, 'डिस्ट्रॉयर' उरला. म्हणजे मुळात तीही राखणच होती. आणि आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम', 'सुरत' यांना मराठी वर्तमानपत्रं विनाशिकाच म्हणतात. रुळलेला शब्द मोडू नये.

गुराब :
आपल्या आरमाराचे शब्द का नाहीत? गुराब, गलबत, पाल…

दर्यावर्दी :
ती शिडाची जहाजं. त्यांच्या नावाला आजच्या नौकेवर चढवलं तर त्यांचाही अर्थ बुडतो.

अनुवादिका :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'भेदी' आणि 'नाशक' हत्याराला शोभतात. उदा. पाणबुडीनाशक पाणतीर. 'आसाही'चं बरंचसं काम मारण्याच्या आधीचं आहे, कान देऊन ऐकण्याचं. नाळेखाली, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखाली, एक सोनार (आवाजावरून पाण्याखालचा शोध घेणारं यंत्र), शिवाय मागे पाण्यात लांब केबल सोडून ओढत न्यायचा दुसरा. हेलिकॉप्टर पुढे जाऊन वेगळ्याच ठिकाणी शोध घेतं. एका जहाजाने ध्वनी सोडायचा आणि दुसऱ्याने प्रतिध्वनी टिपायचा, अशीही सोय आहे. कमी वेगात पंखा विजेच्या मोटरवर फिरतो, इंधन वाचतं आणि आपलाच आवाज आपल्या कानात कमी येतो. शेवटी गरज पडली तर रॉकेटवरून लांब फेकलेला पाणतीर. या सगळ्याला कवेत घेणारा शब्द 'पाणबुडीविरोधी' हाच.
आणि 'सोनार' एकटा सोडू नका. मराठीत तो आधी दागिने घडवतो. 'सोनार यंत्रणा' लिहा.

मुद्रितशोधक :
पटलं. 'विनाशिका' ठेवतो आणि पहिल्या उल्लेखात 'गोएइकान'चा एका वाक्यात खुलासा देतो. अजून एक अडचण. लेखकाने 'असाही वर्ग' लिहिलंय आणि वाक्य 'असाही एक वर्ग असतो' अशा थाटात वाचलं जातंय.

जपानीचा विद्यार्थी :
म्हणून 'आसाही' लिहा, आणि अवतरणचिन्हात. अर्थ सकाळचा सूर्य. 'शिरानुई' म्हणजे क्यूशूच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्रात दिसणारे गूढ दिवे. दोन्ही नावं शाही नौदलातल्या जहाजांनाही होती, तेव्हा लेखात जुन्या-नव्याची गल्लत होऊ देऊ नका.

अनुवादिका :
लिंगही सांभाळा. लेखकाचं 'आसाही दाखल झाला' चुकीचं आहे. जहाज धरलं तर 'दाखल झालं', पण विनाशिका म्हटल्यावर क्रियापद तिच्याच मागे जाणार : "'आसाही' ही पाणबुडीविरोधी विनाशिका ७ मार्च २०१८ रोजी सेवेत दाखल झाली."