जड वायूची गळती: आराखड्यात टाकीभोवती नुसतं वर्तुळ पुरेसं आहे का?

धागाकर्ता (जुळे सोलापूर): जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात, नकाशावर वायूच्या टाकीभोवती वर्तुळ मारलं की धोक्याचा भाग ठरला, ही पद्धत मला घातक वाटते. पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. धुरासारखा तो वर चढत नाही. जमिनीला चिकटून स्वतःच्या वजनानं पसरतो, थोडा वाऱ्याविरुद्धही सरकतो आणि उतार सापडला की नाल्यात उतरतो. वायू कसा पसरेल हे सांगणारं नेहमीचं गाऊसचं सूत्र धरून चालतं, की वायू वाऱ्यासोबत जातो आणि हवेत मिसळत राहतो. इथे जड वायूच्या ढगाच्या माथ्यावरचा थर स्थिर असतो, वरची हवा सहज आत शिरत नाही. म्हणूनच जड वायूसाठी स्लॅब, डेगॅडिस ही वेगळी संगणकी मॉडेलं झाली. ढग आधी बसका होऊन पसरतो, मग हवा ओढून पातळ होतो, आणि पुरेसा पातळ झाल्यावरच गाऊसचं सूत्र लागू पडतं. इंग्लंडात थॉर्नी आयलंडला १९८२ ते ८४ मध्ये सुमारे दोन हजार घनमीटर जड वायू एकदम सोडून हे मोजलं गेलं. आपला जिल्हा आराखडा या गणितावर बसवावा.

निवृत्त फायरमन: साहेब, मॉडेलला भोक केवढं, टाकीत दाब किती, वारा किती हे सगळं लागतं. गळतीच्या वेळी ते सांगणार कोण? पहिल्या दहा मिनिटांत मला फक्त वाऱ्याची दिशा हवी. लोकांना वाऱ्याला आडवं आणि उंचावर काढायचं. पैसा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी), बीए सेट (पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घ्यायचं साधन) आणि सरावावर घाला.

धागाकर्ता: काका, मॉडेल त्या रात्री चालवायचं नाहीच. आधीच शेकडो शक्यता चालवून ठेवायच्या. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, दिवसांतली रात्र घ्या: आभाळ निरभ्र, वारा पडलेला, थंड हवा जमिनीलगत बसलेली. हवा किती स्थिर हे सांगणाऱ्या पास्क्विलच्या वर्गीकरणात हा 'एफ' वर्ग, मिसळण सगळ्यात कमी. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीही हवा अशीच स्थिर होती आणि तिथे गळलेला मिक (मिथाइल आयसोसायनेट) वायू हवेच्या दुप्पट जड. भोंगा कुठे लावायचा, कोणता रस्ता बंद करायचा, हे असल्या रात्रीवरून ठरवावं, दुपारच्या उन्हावरून नव्हे.

कोल्ड स्टोरेजवाला: आमच्याकडे अमोनिया असतो. तो हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. आम्हाला यात कशाला ओढता?

रसायन शिकवणारी: दादा, वायू म्हणून हलका, बरोबर. पण दाबाखालचा द्रव फुटून बाहेर आला की त्यातला काही भागच लगेच वाफ होतो. बाकीचे बारीक थेंब हवेला उणे ३३ अंशांच्याही खाली गार करतात आणि ते मिश्रण जमिनीलगत वाहतं. १९८३ च्या नेवाडातल्या चाचण्यांत हे दिसलं. तुम्हीही यात आहात.

अक्कलकोट रोड: माझा विरोध वेगळा आहे. या चाचण्या बहुतेक सपाट, मोकळ्या जागेवर झाल्या. साध्या मॉडेलला पेठेतली बोळं, कंपाउंडच्या भिंती दिसत नाहीत. २०१५ मध्ये युटामध्ये क्लोरीन सोडताना मालाचे कंटेनर मांडून मुद्दाम खोटं गाव उभारावं लागलं, ते उगाच नाही. नकाशावर बारीक रेघ आली की रेघेबाहेरचा माणूस निर्धास्त झोपेल.

धागाकर्ता: हा मुद्दा मान्य. या शास्त्रात अंदाज मोजमापाच्या दुपटीत किंवा निम्म्यात आला तरी चांगला मानतात. म्हणून रेघ नको, पट्टा काढावा, आणि अंदाज दुप्पट चुकला तर तो कुठवर जाईल तेही रंगवावं.

निवृत्त फायरमन: पट्टा चालेल. पण नाले आणि तळघरं त्यावर आधी दाखवा, माझी माणसं तिथंच उतरतात.