मदत हवी आहे: गणपतीच्या स्टेजवर या रॅपवाल्या पोराला उभं करावं का? (सोलापूर)

पूर्वभागकर:
नमस्कार मंडळी. आमचं मंडळ सोलापूरच्या पूर्व भागात. गणपतीतली एक रात्र आम्ही गल्लीतल्या पोरांसाठी राखून ठेवतो. यंदा यादीत एक रॅपवाला आहे. वय एकोणीस, दिवसा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, रात्री मोबाइलवर गाणी करतो. मराठी, तेलुगू, दखनी एका दमात म्हणतो आणि खरं सांगायचं तर झकास म्हणतो.

त्याचं एक गाणं इन्स्टावर फिरतंय, त्यावरून पेटलंय. पहिलं कडवं पाण्याचं. उजनी धरण ओसंडून वाहतंय आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही रात्री दोनला, आई घागरी मांडून जागी. पुढे नेत्यांना आणि ठेकेदारांना शिव्या, भरपूर. दुसऱ्या कडव्यात गडी विडीच्या ब्रँचवर पोचतो, म्हणजे बायका वळलेल्या विड्या जिथं नेऊन देतात तिथं. ती ओळ इथं लिहीत नाही. मतलब असा की माल पास करून घ्यायला बायका चेकरसमोर, म्हणजे विड्या तपासणाऱ्यासमोर, काय काय करतात.

आमच्याकडे एक घर सोडून एका घरात विड्या वळतात. त्याच बायका त्या रात्री समोर सतरंजीवर बसणार.

एक माजी नगरसेवक निरोप पाठवतात, पोरगा स्टेजवर चढला तर त्याच्यावर आणि मंडळावरही गुन्हा दाखल करू. ‘आमच्या आयाबहिणी’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. गंमत म्हणजे त्यांनी मला जी क्लिप पाठवली ती फक्त पहिल्या कडव्याची आहे! मंडळातली तरुण पोरं म्हणतात, गाणं होणार आणि अख्खं होणार.

मंडळावर खरंच काही येऊ शकतं का? आणि कायदा बाजूला ठेवला तर तुम्ही काय केलं असतं?

कोर्टाचीपायरी:
वकिली करतो, पण कागद न पाहता बोलतोय, तेवढं लक्षात ठेवा.

नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेबसिरीजवरचा गुन्हा रद्द केला तो याच मुद्द्यावर. भाषा ओंगळ वाटली म्हणून ती आपोआप अश्लील ठरत नाही. तो गुन्हा होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली. त्यात पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, म्हणून लोक ते नाव घेऊन घाबरवतात. त्याच कायद्याचं कलम ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं, ते तर २०१५ मध्येच रद्दबातल झालं, त्याची धमकी कुणी दिली तर चहा पाजून परत पाठवा.

स्टेजवर म्हटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ पाहावं लागेल: सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हणून इतरांना त्रास देणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाण्याच्या कडव्यात मला यातलं काही दिसत नाही. दुसऱ्या कडव्याबद्दल मी तसं छातीठोक सांगणार नाही. त्यात एखादी बाई ओळखू येत असेल आणि तिनेच तक्रार दिली, तर कलम ७९, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, हे जड जाईल. गाण्यात कुणाचं नाव, ब्रँचचा पत्ता असं काही आहे का?

मंडळाचं म्हणाल तर माइक तुमचा आहे. परवान्यावरच्या अटी काढून वाचा आणि लाउडस्पीकरची वेळ पाळा.

बीटवाला१३:
काका, त्यांना झोंबूलालंय ते पाणीच. बायकांची ओळ नुसतं निमित्त आहे बे. २०२३च्या एप्रिलमध्ये बघा की, पुणे विद्यापीठात शूट केलेल्या शिवराळ रॅपवर गुन्हा, आणि त्याच महिन्यात राजकारणावर रॅप केलेल्या पोरांवरबी गुन्हा. सगळ्यांना एकच काठी. अमेरिकेत १९९० ला एका कोर्टानं रॅपचा अख्खा अल्बम अश्लील ठरवला होता, १९९२ ला वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात शिव्या नाहीत का? त्याला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. आज एक ओळ कापली की उद्या अख्खं कडवं कापायला लावतील.

तेंदूपान:
माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, म्हणून लिहिते. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, टोक नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचा वेढा. हजार विड्या झाल्या की मग मजुरी. ब्रँचवर चेकर त्यातल्या मूठभर काढायचा, ‘खराब’ म्हणायचा आणि हातानं चुरगाळायचा. त्या मुठीचे पैसे नाहीत. आई उलट बोलायची नाही, कारण उद्या पानं त्याच्याकडूनच घ्यायची होती.

बीटवाल्या दादा, ढसाळांनी शिव्या दिल्या त्या वस्तीतल्या बाईच्या बाजूनं उभं राहून. तुझ्या दोस्तानं चेकरला सोडून दिलं आणि रांगेतल्या बाईला धरलं. पाणी मागताना छाती काढून बोलतो, मग इथं चेकरचं नाव घ्यायला काय झालं?

गुन्हा मात्र नको. पोराला तारखांना फिरवून आमच्या आईला काय मिळणार? ती ओळ त्यानं ब्रँचवर जाऊन म्हणून दाखवावी, माइक न लावता.

जुनीपेठ:
जरा दमानं घ्या. शाहीर राम जोशी आपल्याच सोलापूरचा. पुराणिकाच्या घरातला पोरगा तमाशात गेला म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढलं. त्याच्या शृंगारिक लावण्या आता कॉलेजात शिकवतात.

तेंदूपान:
काका, लावणीतली बाई शाहिराच्या मनातली. ही बाई सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेली आहे.

पूर्वभागकर:
सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, नाव-पत्ता नाही, पण आमच्याकडे ब्रँच किती आणि चेकर किती, सगळ्यांना माहीत आहे.

काल पोराला घरी बोलावलं होतं. त्याची आईही विड्या वळते! ती ओळ म्हणे यमकासाठी आली. तेंदूपान ताईंचं लिहिलेलं वाचायला दिलं, तर बराच वेळ फोन खालीवर करत बसला. मग म्हणाला, ताई बोलतात त्यावर विचार करतो, पण नगरसेवकाच्या सांगण्यावरून एक अक्षर बदलणार नाही. हे मला पटलं.

ब्रँचवरून येणाऱ्या दोघी-तिघींनाही विचारलं. एक हसली. दुसरी म्हणाली, गाणं बंद करून काय होणार, आम्हाला पाणी द्या. तिसरी मात्र चिडली. एका जुन्या चेकरबद्दल बोलली, तो बायकांना मुद्दाम शेवटपर्यंत उभं करायचा. ‘अण्णा, पोराला म्हणावं, आम्ही काय करतो ते नको, तो काय करायचा ते गा.’ हे तसंच्या तसं पोराच्या कानावर घातलंय. कडवं नव्यानं लिहितोय असं ऐकतो. नाही जमलं तर फक्त पाण्याचं म्हणेल, एवढं कबूल केलंय.

म्हणजे नाव यादीत राहतंय. वकीलसाहेब, माजी नगरसेवकांना लेखी उत्तर द्यावं का? दिलं तर लेटरहेडवर द्यावं का? उद्या संध्याकाळी बैठक आहे.

कोर्टाचीपायरी:
त्यांनी तोंडी धमकी दिली आहे, तुम्ही लेखी सुरुवात करू नका. त्यांचं पत्र आलं तर लेटरहेडवर दोन ओळी द्या आणि पोच घ्या. बैठकीचा ठराव मात्र उद्याच वहीत लिहून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या. आणि ती पाण्याची क्लिप डिलीट करू नका.