तुमची कादंबरी कुठं अडली? नाशिककरांनो, लिहा!

कादंबरी सुरू केलेले नाशकात ढिगानं सापडतील, पूर्ण केलेले मोजकेच. तुमची कुठं अडली, कशी सुटली (किंवा नाही सुटली) ते लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. माझी एकोणिसाव्या प्रकरणावर तीन वर्षं बसलीये म्हणून विचारतोय.

—

माझी सुरुवात एकदम जोरात. पहिल्याच प्रकरणात गोदेला पूर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून, भांडी बाजारात होड्या, आणि साल टाकलं १९७२, कारण नायकाला मॅट्रिकला बसवायचं होतं. हौसेनं सासऱ्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, ७२ ला पूर? अहो दुष्काळ होता, सुकडी खाल्लीये आम्ही. मोठा पूर ६९ चा." झालं! तीन वर्षं मागं सरकवलं तर मॅट्रिकचा पोरगा गेला आठवीत आणि त्याचं प्रेमप्रकरणच उडालं, जे लिहायला मी बसलो होतो. चाळीस पानं पाण्यात. महिनाभर वहीला हात नाही लावला. मग एकदा सहज लिहून बघितलं, की हा आठवीतला पोरगा दर तासाला घाटावर पळतो, मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं असं घरी येऊन सांगतो आणि आजी प्रत्येक वेळी एकेक भांडं माळ्यावर चढवते. तिथून गाडी सुटली.

—

मी सातपूरला कंपनीत, शिफ्टवाला. नाइट संपवून आलो की दोन पानं, फर्स्टच्या आठवड्यात शून्य. मित्र वाचून म्हणाला, तुझ्या कादंबरीत एकही माणूस पोटभर झोपलेला नाही रे. खरंच नव्हता.

—

सार्वजनिक वाचनालयात बसून लिहायचे. १८४० पासूनची संस्था, एवढी पुस्तकं बघून वाटायचं आपलं कशाला आणखी एक, आणि उठून यायचे. ओट्यापाशी कुकरच्या शिट्ट्यांत जास्त लिहून झालं. त्यात नायिकेची आत्या जरा आगाऊ दाखवली तर माझ्या आत्यानं बरोब्बर ओळखलं. चार दिवस अबोला. आता दर रविवारी फोन, "पुढं माझं काय केलंस गं?" तिच्या धाकानंच सात प्रकरणं झालीत.

—

आम्ही निफाडकडचे, द्राक्षवाले. गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत वही बंदच. गारपिटीचं एक प्रकरण लिहिलं होतं, मग फेब्रुवारीत आमच्याच बागेवर गारा पडल्या. त्या रात्री ते फाडून टाकलं. फार सुंदर लिहिलं होतं, त्याचाच राग आला.