मदत हवी आहे: आईला पक्षाघात, नऊ वर्षांनी भावाशी बोलणं सुरू झालंय, पुढचं कसं ठरवावं?

नमस्कार. माझी आई (वय ७४) १६ दिवसांपूर्वी पक्षाघाताने पडली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हातपाय आणि वाचा गेली. झोपेत झालं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. मिरजेत ऍडमिट आहे, आता वॉर्डात आणलंय. बुधवारी घरी सोडतील.

मी पुण्यात, दादा तासगावजवळ गावी, द्राक्षबाग बघतो. बाबा गेल्यावर त्याने हक्कसोडपत्र पुढे केलं, मी सही केली नाही. २००५ पासून कायद्याने मुलींचाही सारखा हिस्सा आहे, मला तेव्हाही चूक वाटलं नाही, आजही नाही. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि बोलणं तुटलं. नऊ वर्षं भाऊबीज नाही. तो मळ्यात असेल अशी वेळ बघून मी आईला भेटून यायचे.

आयसीयूत पास एकच. दोन दिवस आम्ही तो न बोलता एकमेकांच्या हातात देत होतो. तिसऱ्या रात्री तो बाहेर आला आणि म्हणाला, "दर दोन तासांनी कूस बदलायला पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात. तू पण सिस्टरना आठवण करत जा." तेव्हापासून आम्ही फक्त आईबद्दल बोलतो. पण बोलतो.

आता प्रश्न. आईला नाकातून नळी आहे. पहिले तीन महिने व्यायाम आणि स्पीच थेरपी नेमाने व्हायला हवी म्हणतात, म्हणून मला ती पुण्याला हवी. दादा म्हणतो, ती तिच्या घरात येणार. वहिनी इतकी वर्षं तिचं सगळं करतेय, त्यामुळे त्याचंही खोटं नाही. आईला विचारलं की ती दोघांकडे बघून रडते. बरंच कळतं तिला, शब्द येत नाहीत. बिलाचे निम्मे पैसे देऊ केले तर तो म्हणाला, "पैशाचं काढू नकोस. मग बाकीचं सगळं निघंल."

नळीचा पेशंट गावात कुणी सांभाळलाय का? स्पीच थेरपी व्हिडिओ कॉलवर जमते का? आणि ज्यांच्यात असा अबोला होता, त्यांनी आईवडिलांची पाळी कशी ठरवली? जमिनीचा विषय न काढता खर्च वाटून घेता येतो का, की तो आधी काढलेला बरा? सही करून त्याला परत मिळवायचं, हे मला नकोय. पण तो पुन्हा गप्प झालेलाही सोसणार नाही.

बुधवारच्या आत कुणी लिहिलं तर फार उपकार होतील.