सायटिका: तुमची शीर कशामुळे दबली?

मागच्या मे महिन्यात वाकून गॅसचं सिलिंडर सरकवलं आणि कमरेत चमक भरली. उसण समजून बाम चोळत बसले. चौथ्या दिवशी कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली, अंगठ्याला मुंग्या. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी उताणं निजवून पाय सरळ वर उचलला, अर्ध्यावर जायच्या आतच मी ओरडले. एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून शिरेच्या मुळाला टेकली होती. सायटिका हे दुखण्याचं नाव. कारण वेगळं शोधावं लागतं, हे तेव्हा कळलं. ऑपरेशन न करता दोन महिन्यांत उतरलं. तुमचं कारण काय निघालं? लिहा, रात्र जागून काढणाऱ्या कुणाला तरी धीर येईल.

नाशिककर: बाबांचं, वय ७१. बसले की काही नाही. चालायला लागले की दोन-तीनशे पावलांत पोटऱ्या भरून येतात, मग दिसेल त्या कट्ट्यावर टेकायचं. मंडईत भाजीच्या हातगाडीवर रेलून उभे राहायचे, आम्हाला वाटायचं दमलेत. सायकल मात्र आरामात चालवायचे! मणक्यातली नळी वयानं अरुंद झालीय, पुढं वाकलं की तिला जरा जागा मिळते, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते वाकणं आम्ही वर्षभर पाहत होतो, पण लक्षात आलं नाही याचं वाईट वाटतं.

टॅक्सीवाला: एमआरआय स्वच्छ. मागच्या खिशात जाड पाकीट आणि त्यावर दहा तास बसणं. कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस स्नायू आखडून शीर दाबत होता. पाकीट पुढच्या खिशात गेलं, फिजिओनं शिकवलेले ताणायचे व्यायाम रोज केले, महिन्यात फरक पडला.

दोघांची आई: सातव्या महिन्यात उजव्या पायात. बाळंतपणानंतर थांबलं.

साताऱ्याहून: आईचा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढं सरकलाय. 'गॅप आलाय' म्हणत एकाकडून दोनदा कंबर मोडून घेतली, दुखणं दुप्पट झालं. कृपा करून आधी एक्स-रे काढा.

धाकटा भाऊ: दादाचंही गादीचंच होतं. एका संध्याकाळी लघवी अडली आणि बसायची जागा बधिर झाली. 'सकाळी बघू' म्हणत होता. वहिनीनं ऐकलं नाही, तसंच रिक्षात घातलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. आता चालतो, लघवीही नीट होते, डाव्या टाचेला चप्पल निसटल्याचं मात्र अजून कळत नाही.