४७ × ६ = ४८२ : हातच्याचा गुणाकार शिकवताना मुलं नेमकी कुठे अडतात?

प्रश्न – चौथीची_बाई

चौथीला दोन आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने गुणायला शिकवते आहे. दहापर्यंतचे पाढे बहुतेकांना येतात. तरीही ४७ × ६ दिलं की बरोबर २८२ च्या जोडीला ४८२, २४४२ आणि २४२ ही उत्तरं हमखास येतात. ४०७ × ६ मध्ये तर २४०२, २८०२, २५०२ असं काहीही. हातचा म्हणजे काय ते फळ्यावर दोनदा समजावून झालं आहे. उभी मांडणी थांबवून मागे जावं का? आणि मागे म्हणजे नेमकं कुठून सुरू करावं?

उत्तर – खडू_आणि_फळा

या तिन्ही उत्तरांवर एकच सरसकट उपाय करू नका, कारण तिन्हींची मुळं वेगळी आहेत.

४८२ लिहिणाऱ्या मुलाने ७ × ६ = ४२ बरोबर केलं, २ लिहिले, ४ हातचे घेतले. मग ४७ मधल्या ४ मध्ये ते ४ मिळवून ८ केले आणि ८ × ६ = ४८ लिहिले. ही बेरजेची सवय आहे. बेरजेत हातचा दशकाच्या डोक्यावर लिहितात आणि तिथल्या तिथे मिळवतात, तेव्हा ते बरोबरच असतं. गुणाकारातही आपण हातचा त्याच जागी लिहितो, मग मूल त्याच जुन्या वाटेने जातं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हातचा डोक्यावर लिहूच देऊ नका. उदाहरणाच्या उजवीकडे एक चौकट आखून त्यात लिहायला सांगा. तोंडाने म्हणायचा क्रमही पक्का ठेवा : "सहा चोक चोवीस, हातचे चार, अठ्ठावीस." आधी पाढा, मग हातचा. वापरला की लगेच काट मारायची, नाहीतर तीन अंकी उदाहरणात तोच हातचा शतकातही मिळवला जातो.

२४२ वाला हातचा विसरला आहे. त्याला चौकट आणि काट एवढंच पुरतं.

२४४२ वाल्याला मात्र स्थानिक किंमत उमगलेली नाही. त्याने ४२ पूर्ण लिहिले आणि त्याच्या डावीकडे २४ चिकटवले. आता गंमत पाहा, २४४२ हे ४०७ × ६ चं अचूक उत्तर आहे. दोन्ही उदाहरणं शेजारी-शेजारी मांडा आणि विचारा : ४७ आणि ४०७ यांचं उत्तर एकच कसं असेल? ४२ मधल्या ४ ने दशकाचं घर अडवल्यामुळे चोवीस दशक सरकून चोवीस शतक झाले, हे मुलाला स्वतः दिसलं पाहिजे. या मुलासाठी मागे जाणं भाग आहे.

उत्तर – सुटे_पैसे

मागे म्हणजे खेळातल्या नोटांपर्यंत. पण थेट ४७ × ६ घेऊ नका. त्याला दहाच्या २४ नोटा आणि ४२ नाणी लागतात, मोजण्यातच तास जातो. २३ × ४ घ्या. २३ रुपयांचे चार ढीग म्हणजे दहाच्या ८ नोटा आणि १२ नाणी. त्यातली १० नाणी देऊन एक नोट घ्यायची : ९ नोटा, २ नाणी, ९२. ती बदलून घेतलेली एक नोट म्हणजेच हातचा. दुसरं उदाहरण ३६ × ४ : १२ नोटा, २४ नाणी. नाण्यांच्या बदल्यात २ नोटा, झाल्या १४. त्यातल्या दहांची शंभराची एक. उत्तर १४४. इथे बदल दोनदा होतो, म्हणून हे दुसरं.

नोटांवरून एकदम आखूड मांडणीवर उडी नको. मध्ये विस्ताराची पायरी हवी : ४७ = ४० + ७. एका ओळीत ७ × ६ = ४२, खालच्या ओळीत ४० × ६ = २४०, मग बेरीज २८२. चौकटीच्या वहीत, प्रत्येक चौकटीत एकच अंक, वर श, द, ए. ४२ मधला ४ आणि २४० मधला ४ एकाखाली एक येतात. त्या दोघांभोवती पेन्सिलीने गोल करायला लावा. आखूड रीतीत आपण ही दशकातली बेरीज मनात करतो, एवढाच फरक. मुलाने स्वतःहून "दोन ओळी कशाला?" असं विचारेपर्यंत या पायरीवर थांबलं तरी चालेल.

या काळात गुणक २, ३, ४, ५ एवढेच ठेवा. नवी रीत आणि साताचा पाढा एकाच दिवशी मागितला की चूक कशात झाली तेच कळत नाही.

उत्तर – पाढे_पाठ

एक गोष्ट राहिली, आणि ती मराठीतून शिकवणाऱ्यांनी आवर्जून पाहावी. आपल्या संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो. बेचाळीस : "बे" म्हणजे २ लिहा, "चाळीस" म्हणजे ४ हातचे. छप्पन : सहा लिहा, पाच हातचे. जो अंक आधी ऐकू येतो तोच आधी लिहायचा, ही मोठी सोय आहे.

पण "एकोण" आला की हीच सोय उलटते. ५७ × ७ घ्या. सात साती एकोणपन्नास. मूल ९ लिहितं, कानात "पन्नास" असतं, म्हणून ५ हातचे घेतं. पुढे पस्तीस आणि पाच चाळीस, उत्तर ४०९. खरं उत्तर ३९९, कारण हातचे ४ आणि पस्तीस व चार एकोणचाळीस, म्हणजे तिथेही पुन्हा एकोण. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९ नुसत्या ऐकून लिहायचा सराव चार दिवस रोज पाच मिनिटं घ्या. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये "पन्नास सहा" असं वाचनही आलं. ज्यांना त्याची सवय आहे, त्यांना दशक आधी ऐकू येतो आणि ती ५ लिहून ६ हातचे धरू शकतात. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतील तर हे ध्यानात ठेवा.

दुसरं, पाढे येतात म्हणजे पाढ्यात हातचा मिळवता येतो असं नाही. २८ + ६, ५६ + ५, ४८ + ५ अशा दशक ओलांडणाऱ्या बेरजा तोंडी वेगळ्या घ्या. हातचा गुणकापेक्षा नेहमी लहानच असतो. सहाने गुणताना जास्तीत जास्त ९ × ६ + ५ = ५९, म्हणजे हातचा ५ च्या वर जाणारच नाही. चौकटीत ६ किंवा ७ दिसला की मुलाने तिथेच थांबून तपासायचं.

चौथीची_बाई

एकोणची चूक वह्यांत सापडली, ती मी पाढ्याची चूक समजत होते. शून्याचं काय करू? आणि अंदाज आधी काढून घेतला तर उपयोग होईल का?

उत्तर – खडू_आणि_फळा

अंदाज जरूर घ्या, पण त्याची मर्यादा ओळखून. ४७ × ६ हे २४० आणि ३०० च्या मधलं, त्यामुळे ४८२ आणि २४४२ लगेच बाद होतात. २४२ मात्र त्यातून निसटतं. त्यासाठी दुसरा पडताळा द्या : ५० × ६ मधून ३ × ६ वजा, ३०० – १८ = २८२.

शून्याच्या तिन्ही उत्तरांत चूक वेगळी आहे. २४०२ मध्ये शून्याच्या घरात शून्यच लिहिलं, हातचे ४ हरवले. २८०२ मध्ये तेच ४ उडी मारून शतकात गेले. २५०२ मध्ये शून्य सक सहा केलं, त्यात ४ मिळवून १० झाले आणि १ पुढे गेला. शेवटच्या मुलाला आधी शून्याचा पाढा द्या : रिकाम्या सहा वाट्यांत मिळून किती गोट्या? बाकी दोघांना पुन्हा नोटा : ४०७ मध्ये दहाची नोट एकही नाही, ४२ नाणी बदलून ४ आल्या, त्या दहाच्याच घरात राहणार. मग २४४२.

हे जमलं की ४००६ × ७ द्या. पहिल्या शून्याच्या घरात हातचे ४ बसतात, दुसऱ्यात शून्यच राहतं, २८०४२. कोण दोन्ही घरांत ४ लिहितं ते पाहा. त्याने हातच्याला काट मारलेली नसेल.